पवनचक्कीचा करार आणि ‘यांपैकी जे नंतर होईल ते’

सातारा जिल्ह्यातल्या एका पठारी गावातून शेतकरी वाचकाचे पत्र आले आहे. त्यांनी पवनचक्की उभारणाऱ्या एका कंपनीशी दोन एकरांसाठी ‘भाडेपट्ट्याचा पूर्वकरार’ केला, सोबत कुलमुखत्यारपत्रावर सही दिली आणि टोकन म्हणून धनादेश घेतला. येत्या महिनाअखेरीस त्याला तीन वर्षे पुरी होतील. दरम्यान गावात दोन तट पडलेत. एका बाजूला वर्षाचे भाडे, पक्का रस्ता आणि पोरांना काम हवे आहे. दुसऱ्या बाजूला पात्यांचा आवाज, चराईचे रान आणि खोदाईने अडणारा ओढा यांची धास्ती आहे. ग्रामसभेने विरोधाचा ठराव केला, आणि कंपनीचा माणूस ‘मुदतवाढीच्या साध्या कागदावर’ सही मागत फिरतो आहे. वाचक विचारतात, ठराव झाला म्हणजे माझा करार रद्द झाला ना?

नाही झाला. करार तुमचा आणि कंपनीचा आहे, ग्रामसभा त्यात पक्षकार नाही. हाच प्रश्न दर थोड्या दिवसांनी कोणा ना कोणाकडून येतो, म्हणून ठरावावर इथे जास्त शब्द खर्च करत नाही. पवनचक्की चांगली की वाईट, यावर दोन्ही तट आपल्याच जिल्ह्यातल्या पवनचक्क्यांच्या चाळकेवाडी-वनकुसवड्याचाच दाखला देतात, आणि दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. तुमच्या सातबाऱ्याचा निकाल मात्र त्यावर लागायचा नाही. तो लागेल कलम ७ वर.

तुम्ही एजंटाच्या फायलीतून मोबाइलवर काढलेला त्या कलमाचा फोटो पाठवलात. बाकी करार पाठवला नाही, कारण प्रत तुमच्याकडे नाहीच. दोन एकर तीस वर्षांसाठी गुंतवायला निघालेला माणूस करारावर सही करतो आणि प्रत न घेता घरी येतो, याला काय म्हणावे? असो. कलम असे आहे: ‘करारदिनांकापासून छत्तीस महिने किंवा वीजजोडणीची मंजुरी मिळाल्यापासून बारा महिने, यांपैकी जे नंतर होईल ते, एवढ्या मुदतीत कंपनी लेखी सूचना देऊन भाडेपट्टा करून मागू शकेल, तशी सूचना न दिल्यास हा करार आपोआप संपुष्टात येईल.’

एजंटाने तुम्हाला ‘छत्तीस महिने’ वाचून दाखवले. पुढचे ‘यांपैकी जे नंतर होईल ते’ वाचले नसावे. सगळे त्यातच आहे.

जोडणीची मंजुरी कराराच्या चोविसाव्या महिन्यात किंवा त्याआधी मिळाली असेल, तर तिचे बारा महिने छत्तीसच्या आतच संपतात आणि छत्तीस महिन्यांची मुदत लागू होते. पंचविसाव्या महिन्यात किंवा त्यानंतर मिळाली असेल, तर कंपनीची मुदत तितकी पुढे सरकते. तिसाव्या महिन्यात मंजुरी आली असेल तर बेचाळीस महिने झाले. मंजुरी आलीच नसेल, तर कंपनी म्हणेल की आमचे घड्याळ अजून सुरूच झालेले नाही. त्यावर तुमचे उत्तर असे की करार असा बेमुदत टांगून ठेवता येत नाही. ज्या कामाला वेळ ठरलेली नाही ते वाजवी वेळेत व्हायला हवे, असे करार कायद्याचे कलम ४६ सांगते. हे उत्तर कोर्टात टिकेल असे मला वाटते, पण लेखी हमी मागाल तर देणार नाही.

म्हणून आधी मंजुरीची तारीख काढा. प्रकल्प राज्याच्या वाहिन्यांना जोडायचा असेल तर ती महापारेषणकडे मिळेल, आंतरराज्य जाळ्याला जोडायचा असेल तर केंद्रीय पारेषण उपक्रमाकडे. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपये शुल्क, तीस दिवस. अर्जात कंपनीचे नाव, उपकेंद्राचे नाव, मेगावॉट क्षमता, अर्जाची तारीख आणि मंजुरीची तारीख एवढेच विचारा. तत्त्वतः आणि अंतिम असे मंजुरीचे दोन टप्पे असतील तर दोन्ही तारखा मागा, कारण तुमच्या करारात नुसते ‘मंजुरी’ लिहिले आहे आणि कोणती, यावर उद्या वाद होणारच. अर्ज तुमच्या नावाने नको. भाच्याने, पुतण्याने, कोणीही करावा. माहिती कोणत्याही नागरिकाला मागता येते. कंपनीला तर हे मुळीच विचारू नका. लेखी सूचना द्यायची राहून गेलेल्या कंपनीला तिची आठवण करून देणे हा मूर्खपणा होईल.

अडचण अशी की तीस दिवस तुमच्याकडे धड नाहीत. आणि इथे दुसरे घड्याळ येते. ‘फसवून सही घेतली’ म्हणून करार रद्द करून मागायचा, तर मुदत कायद्याच्या अनुच्छेद ५९ प्रमाणे फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. तुम्ही लिहिता की एजंटाने ‘ही फक्त वारा मोजायची परवानगी आहे’ असे सांगितले. तसे असेल तर खरा प्रकार कधी कळला? सहीच्या दिवशीच कळायला हवे होते, असे कंपनी म्हणणार, कारण करार मराठीत आहे, तुम्ही वाचता-लिहिता आणि धनादेश वटवलात. म्हणजे सावधपणे धरायचे तर तुमचे छत्तीस महिने आणि फसवणुकीच्या दाव्याची तीन वर्षे एकाच आठवड्यात संपतात. फसवणुकीचा दावा मला फारसा दमदार वाटत नाही. पण मंजुरी उशिरा मिळाली असे निघाले आणि तोवर तीन वर्षेही उलटली, तर दोन्ही दारे बंद होतील. म्हणून या आठवड्यातच जिल्ह्याच्या ठिकाणच्या वकिलाकडून दाव्याचा मसुदा तयार करून ठेवा. दाखल करायचा की नाही हे महिना संपण्याच्या चार दिवस आधी ठरवा. अडीच वर्षांपूर्वी आला असतात तर हे सगळे निवांत करता आले असते.

आजच करायचे काम वेगळे आहे. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमचे गाव आणि गट नंबर टाकून मागच्या तीन वर्षांचे दस्त पाहा. फुकट आहे. तुमच्या कुलमुखत्यारपत्रात ‘भाडेपट्टा लिहून व नोंदवून देणे’ हा अधिकार दिलेला असणार, बहुतेक मसुद्यांत असतोच. म्हणजे कंपनीचाच माणूस तुमचा मुखत्यार म्हणून कंपनीच्या नावे पट्टा नोंदवू शकतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. तसा दस्त सापडला तर सूची क्रमांक २ (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि प्रमाणित प्रत त्याच दिवशी काढा, आणि या लेखातला पुढचा भाग सोडून थेट वकिलाकडे जा, कारण मग मामला करार संपण्याचा उरत नाही, नोंदलेला पट्टा रद्द करून मागण्याचा होतो. सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात फेरफार धरल्याची नोटीस चावडीवर लागली असेल तर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. तलाठ्याकडे तेही बघून या.

काही सापडले नाही, तर मुदतवाढीच्या कागदाकडे वळू. त्यावर सही करू नका. असल्या कागदात पहिल्या ओळीत मुदत वाढते, आणि शेवटच्या ओळीत ‘मूळ करारातील सर्व अटी मला समजल्या असून मान्य व कायम आहेत’ असे असते. फसवणुकीचा मुद्दा तिथेच संपतो. मुदत वाढवून द्यायला नकार देणे हा करारभंग नाही, अर्थात वाढवून देण्याची सक्ती करणारे एखादे कलम करारात नसेल तर. ते पाहायला प्रत लागते. करार नोंदवलेला असेल तर दुय्यम निबंधकाकडे प्रत मिळेल. नुसता नोटरी केलेला असेल तर नोटरीच्या नोंदवहीतला उतारा मागा, निदान तारीख आणि साक्षीदार तरी कळतील. आणि ‘नोटरीच आहे, त्याला काय किंमत’ असे पारावर कोणी सांगितले तर ऐकू नका. नोंदणी नसलेला करारही, योग्य मुद्रांक भरल्यावर, करारपूर्तीच्या, म्हणजे करार प्रत्यक्ष पाळून मागण्याच्या दाव्यात पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो, आणि विशिष्ट अनुतोष कायद्याच्या २०१८ च्या दुरुस्तीनंतर करारपूर्तीचा हुकूम देणे हा कोर्टाच्या मर्जीचा भाग फारसा उरलेला नाही.

छत्तीस महिने संपले आणि मंजुरीची तारीखही तुमच्या बाजूने निघाली, की नोटीस द्या. करार १२ तारखेचा असेल तर १३ च्या आधी पाठवू नका. एक दिवस जास्त गेला तरी चालेल, कमी नको. नोटिशीत कलम ७, करारदिनांक, सूचना मिळालेली नाही आणि करार संपला आहे, एवढेच लिहा. ग्रामसभा, पर्यावरण, एजंटाची भाषा यातले काही नको. करारातल्या पत्त्यावर पोचपावतीसह स्पीड पोस्टाने आणि करारात ईमेल असेल तर तिकडेही पाठवा. बऱ्याचदा मूळ कंपनी मधल्या काळात करार नव्या नावाच्या उपकंपनीकडे वळवते. तसे असेल तर दोघींना पाठवा. कंपनीकडे आहे तसा पट्टा मागण्याचा पर्याय ठरलेल्या मुदतीतच काटेकोर वापरावा लागतो, उशीर सहसा माफ होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कॅलटेक्स विरुद्ध भगवानदेवी मरोदिया या खटल्यात म्हटले आहे. ते प्रकरण पट्ट्याच्या नूतनीकरणाचे होते, पण तत्त्व इथेही लागू पडावे.

त्याच दिवशी कुलमुखत्यारपत्र रद्द करा. त्यावर ‘अपरिवर्तनीय’ लिहिले आहे म्हणून घाबरू नका. मुखत्याराचा त्या मिळकतीत स्वतःचा हितसंबंध असेल तरच करार कायद्याचे कलम २०२ आड येते, आणि करारच संपला तर हितसंबंध कुठला? पण रद्द करणे मुखत्याराला कळल्यावर त्याच्यापुरते आणि तिऱ्हाइताला कळल्यावर त्याच्यापुरते लागू होते, असे कलम २०८ आहे. म्हणून रद्दपत्र, मुखत्याराला नोटीस, तालुक्यात खपणाऱ्या दैनिकात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधकाकडे लेखी अर्ज, हे चारही करा. कुलमुखत्यारपत्र नोंदवलेले असेल तर रद्दपत्रही त्याच कार्यालयात नोंदवा.

वारा मोजायचा मनोरा तुमच्या शेतात उभा आहे का, हे तुम्ही लिहिले नाही. असेल तर कंपनी ताब्याचा मुद्दा काढील. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीपासून नोंदणी नसलेल्या करारावर ताब्याचे संरक्षण मिळत नाही, तरी मनोऱ्याला हात लावू नका आणि तारेचे कुंपण तोडू नका. फौजदारी तक्रार लगेच होते, दिवाणी निकाल कधी लागेल सांगता येत नाही.

सातबाऱ्यावर दोन बहिणींची नावे आहेत आणि त्यांची सही नाही, हे तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. मला ते अधिक मोलाचे वाटते. सामाईक खातेदार फक्त आपल्या हिश्श्यापुरता व्यवहार करू शकतो. बहिणींनी स्वतंत्र नोटीस द्यावी, तुमच्या नोटिशीत त्यांची सही घुसडू नये. दावा करायची वेळ आलीच तर त्यांनी करार रद्द करून मागायचा नसतो, तो आपल्याला बंधनकारक नाही एवढे जाहीर करून मागायचे असते.

आता गावासाठी. ‘स्टे आणू’ हे सगळ्यांच्या तोंडी आहे. विशिष्ट अनुतोष कायद्याचे कलम २०-अ आणि कलम ४१ चा खंड ह-अ १ ऑक्टोबर २०१८ पासून लागू आहेत. पायाभूत प्रकल्पाला खीळ बसेल किंवा विलंब होईल असा मनाई हुकूम कोर्टाने देऊ नये, असे ती सांगतात, आणि वीजनिर्मिती त्या कायद्याच्या पायाभूत प्रकल्पांच्या अनुसूचीत आहे. पायाचे काँक्रीट पडल्यावर तर स्टेची आशा सोडाच. जनसुनावणीचेही तेच: पवनऊर्जा २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेच्या यादीत नाही, त्यामुळे ती घेतली नाही ही तक्रार चालत नाही. जागा वनजमीन किंवा गायरान असेल, तर चित्र वेगळे. तिथे केंद्राची वनमंजुरी आणि जमीन महसूल संहितेचे कलम २२-अ कामाला येते. ओढा किंवा वहिवाटीचा रस्ता अडवला तर मामलेदार न्यायालय कायद्याचे कलम ५ सगळ्यांत स्वस्त आणि जवळचे आहे. मुदत मात्र सहाच महिने. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे कलम १४ खाली जायचे तरी मुदत सहा महिने. आवाजाला रात्री निवासी भागात ४५ डेसिबलची मर्यादा आहे. मोजणी करून घ्या, नुसता अर्ज नको.

ज्यांना पवनचक्की हवी आहे, त्यांनी निदान एवढे पाहावे: मुदत संपल्यावर पाया किती खोलीपर्यंत काढणार आणि त्यासाठी बँक हमी किती. पायाचे काँक्रीट शेकड्यांनी घनमीटर असते, ते आपल्या खर्चाने निघत नाही. मुद्रांकाचा हिशेबही बघा. एकोणतीस वर्षांच्या आतला पट्टा आणि त्याच्या पुढचा पट्टा यांचा दर बराच वेगळा आहे, आणि नूतनीकरणाची मुदत करारातच लिहिली असेल तर ती मूळ मुदतीत धरली जाते.

शेवटी तुमच्यापुरते एक. मुदतवाढीचा धनादेश घरी आला तर बँकेत टाकू नका. पण कंपनी विचारत बसेलच असे नाही. जुन्या करारातला खाते क्रमांक तिच्याकडे आहे, रक्कम थेट जमा होऊ शकते. खात्याचे मेसेज रोज बघा. तशी रक्कम आली तर तीन-चार दिवसांत तेवढ्याच रकमेचा धनादेश ‘मुदतवाढ मान्य नाही, रक्कम परत’ अशा पत्रासह स्पीड पोस्टाने पाठवा आणि त्या दिवसाच्या पासबुकाची झेरॉक्स पत्राच्या स्थळप्रतीला लावून ठेवा.