माद्रिदचा काचमहाल बघावा का?

प्रश्न: ताई, पुढच्या महिन्यात माद्रिदला जातोय. रेतिरो पार्कमधला काचेचा महाल खरंच बघण्यासारखा आहे की नुसता फोटोपुरता?

उत्तर: अहो, जाच! फक्त आधी उघडा आहे ना ते चेक करा, मध्यंतरी मोठ्या दुरुस्तीसाठी बंद केलेला. १८८७ मध्ये फिलिपिन्सच्या प्रदर्शनासाठी तिथली झाडं ठेवायला बांधला, म्हणजे मुळात ग्रीनहाऊसच (त्या प्रदर्शनात तिथली माणसंही आणून दाखवली होती, वाचून कसंतरीच झालं मला). ऊन असेल तर लोखंडी सांगाड्याची सावली जमिनीवर जाळं टाकल्यासारखी पडते, ती बघत नुसतं उभं राहावंसं वाटतं. आणि बंद असला तरी समोरच्या तळ्याकाठी बसा, सायप्रस जातीची झाडं चक्क पाण्यात उभी आहेत. पार्कला तिकीट नाही.