पणजोबांची लढाईतली पत्रे

कोल्हापूर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

पणजोबांची दुसऱ्या महायुद्धातील पत्रे घेऊन बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जाण्याचा तुझा विचार कळला. त्याआधी घर नीट धुंडाळ. नुसत्या नावावर माग लागणे अवघड, कारण आपल्याकडे एकाच नावाचे शिपाई गावोगावी होते. सेवा क्रमांक आणि बटालियन ठाऊक हवी. ती पाकिटावरील प्रेषकाच्या पत्त्यात, डिस्चार्जच्या दाखल्यावर किंवा पणजींच्या पेन्शनच्या कागदांत सापडण्याचा संभव असतो. पणजोबा राजाराम रायफल्समध्ये असतील, तर मात्र ती कोल्हापूर संस्थानची स्वतःची पलटण होती, हे ध्यानात घेऊन येथील पुराभिलेखागारातही चौकशी कर.

पाकिटे पत्रांपासून वेगळी करू नकोस. शिपायाला आपला मुक्काम लिहिण्याची मनाई होती आणि सेन्सॉरचा अधिकारी तसा मजकूर खोडून टाकत असे. म्हणून पत्त्यात गावाऐवजी फील्ड पोस्ट ऑफिसचा क्रमांक दिसेल. ती कचेरी फौजेबरोबर हलत असे, त्यामुळे क्रमांक आणि शिक्क्यावरील तारीख ही दोन्ही जुळली तरच ठिकाण ठरवता येते. आत तिथी आणि शक असेल, तर शके १८६६ मध्ये ७८ मिळवून १९४४ धर. पौष ते फाल्गुनातील पत्राला मात्र बहुधा ७९ मिळवावे लागतात. पेन्सिलीचा मजकूर पुसट झाला असेल, तर कागदावर बाजूने तिरका प्रकाश पाडून फोटो घे. लॅमिनेशन मुळीच करू नकोस.

मोडी पत्राची नक्कल ओळीला ओळ ठेवून कर आणि न लागलेले अक्षर अंदाजाने भरू नकोस. दोन पत्रांतील वळण निराळे दिसले तर गोंधळू नकोस. ज्यांना लिहिता येत नसे, ते सोबत्याकडून पत्र लिहवून घेत.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मजकूर लोक भराभर ओलांडून जातात. ‘मनिऑर्डर पोचली काय, सावकाराचे व्याज फिटले काय, म्हैस व्याली काय’ हे प्रश्न वाच. त्यावरून पैसे केव्हा पाठवले, घरचे उत्तर किती महिन्यांनी पोचले आणि मध्ये कोणते पत्र गहाळ झाले, हे उमगते. सगळी पत्रे तारखेने लावलीस की जिथे खंड पडतो, तिथे पलटण हलली की पणजोबा आजारी वा जखमी होते, हे कागदपत्रांत पाहता येईल.

मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत, तिबर नदीच्या वरच्या खोऱ्यात धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पणजोबा त्याच बटालियनचे निघाले, तर ऊर भरून येईल, आणि तो यावाच. तरी त्या दिवशी ते इस्पितळात, रजेवर किंवा पिछाडीच्या तळावर असू शकतील. पुरावा हाती येईपर्यंत ‘त्या लढाईत होते’ असे लिहू नकोस. त्यांनी जे भोगले ते त्यांच्याच नावे, जसेच्या तसे नोंदले जावे, अशी माझी कळकळ आहे.

मोडी अडेल त्या पानाचा फोटो पाठव. मी वाचून देईन. कळावे.