गुडघे टेकले की हप्ता आठवतो

“पंधरा वर्षं विश्वासात आहे. रोज वचन वाचते. तरी गुडघे टेकले की तिसऱ्या मिनिटाला घराच्या कर्जाचा हप्ता आठवतो, मग भावाचं नवं घर, मग मुलीची परीक्षा. आमेन म्हणेपर्यंत देवाशी धड एक वाक्य बोलून झालेलं नसतं. माझा विश्वास खोटा आहे का?”

ख्रिस्ती समुपदेशनात हा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येतो. इथे ज्या ताईंची हकिगत आहे ती अशा बऱ्याच संभाषणांतून जुळवलेली आहे, कुणा एकीची नाही. वय चाळिशीचं, नवरा-बायको दोघंही नोकरीत.

त्या आल्या तेव्हा मूळ अडचणीवर दुसरी चढली होती. मंडळीतल्या (चर्चमधल्या) कुणीतरी त्यांना “तुमचं मन जगात अडकलंय” असं सुनावलं होतं. ताईंनी ते इतकं मनाला लावून घेतलं की खर्चाची वही बंद केली, बँकेचे मेसेज न वाचताच पुसायला लागल्या आणि चाळीस मिनिटांची प्रार्थना दीड तासावर नेली. दुसऱ्या महिन्यात हप्ता चुकला, दंड बसला, घरात भांडण झालं. आता प्रार्थनेत हप्त्याच्या जोडीला दंडही आठवू लागला.

असं होणारच होतं. हप्त्याचा विचार करायचा नाही हे ठरवायला आधी हप्ताच आठवावा लागतो. शिवाय जगाकडे पाठ फिरवणं आणि देवाकडे तोंड करणं या एकच गोष्ट नव्हेत. ज्यांनी जडसृष्टीच मुळात वाईट ठरवली, त्या ज्ञानवादी पंथांची शिकवण मंडळीने दुसऱ्या शतकातच नाकारली. देवाने निर्माण केलेलं सर्व चांगलं आहे, हे बायबलमधल्या १ तीमथ्य ४:४ मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत काही जण कामधंदा सोडून बसले, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना आध्यात्मिक म्हणून गौरवलं नाही; निमूटपणे काम करा आणि स्वतःची भाकर खा, असं बजावलं. म्हणून पहिल्याच भेटीत ताईंना सांगितलं: खर्चाची वही आजच उघडा.

त्याच भेटीत आणखी काही विचारून घेतलं. झोप आणि भूक कशी आहे? दोन आठवड्यांहून जास्त काळ सतत उदास वाटतंय का, कशातच रस उरलेला नाही का? प्रार्थना ‘नीट झाली नाही’ म्हणून तीच वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणावी लागतात का, आणि न म्हटल्यास भीती वाटते का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं तर प्रार्थनेच्या आणखी पद्धती शिकवणं घातक ठरतं. तो मंत्रचळाचा आजार (ओसीडी) असू शकतो. अशा माणसाला मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावं, आणि मंडळीच्या पाळकांनीही त्याला ‘अजून प्रार्थना कर’ म्हणू नये. ताईंच्या बाबतीत तसं काही नव्हतं. त्या थकलेल्या होत्या आणि स्वतःवर रागावलेल्या होत्या.

मग २ करिंथ ४:१८ उघडलं. हे वचन त्यांना पाठ होतं: दृश्य क्षणिक, अदृश्य सार्वकालिक. त्यांना एकच विचारलं, “यातलं अदृश्य म्हणजे नेमकं काय?” बराच वेळ गप्प राहून त्या म्हणाल्या, “स्वर्ग... देव... असं काहीतरी वरचं.”

खरी गाठ इथे आहे. हप्त्याला तारीख आहे, रक्कम आहे, उशिराचा दंड आहे. समोर ‘असं काहीतरी वरचं’ ठेवलं तर मन हप्त्याकडेच जाईल. अदृश्य म्हणजे धूसर नव्हे. पौलाने मागच्या-पुढच्या ओळींत ते नावानिशी मांडलं आहे: ज्याने येशूला उठवलं तो आपल्यालाही उठवील (४:१४), अंतरीचा मनुष्य दररोज नवा होत आहे (४:१६), आणि हा देहाचा तंबू मोडला तरी देवाने दिलेलं, हातांनी न बांधलेलं घर आहे (५:१). ४:१८ मध्ये आपण अदृश्याकडे ‘लक्ष लावतो’ असं म्हटलं आहे; त्यासाठीच्या मूळ ग्रीक क्रियापदाचं नातं नेम किंवा लक्ष्य या अर्थाच्या शब्दाशी आहे. फिलिप्पै ३:१४ मधली धावणाऱ्याची खूण तो हाच शब्द. नेम धरायचा तर समोर ठरलेली खूण लागते.

आणखी एक गोष्ट ताईंना ठाऊक नव्हती, आणि ती ऐकून त्यांचे खांदे सैल झाले. हेच पत्र लिहिणारा पौल ११ व्या अध्यायात फटके, दगडमार आणि तीन वेळा फुटलेलं तारू सांगून झाल्यावर लिहितो की याखेरीज सर्व मंडळ्यांची चिंता रोज माझ्यावर आहे. रोज! अदृश्यावर नजर लावलेल्या माणसाच्या मनातही चिंता येत होती. चिंता मनात येणं हा विश्वास खोटा असल्याचा पुरावा नाही.

पहिल्या आठवड्याचं काम सोपं होतं. दिवसातून तीनदा, ठरलेल्या वेळी, वहीत एक ओळ: आत्ता मन कुठे होतं? सुधारायचं काही नाही, फक्त नोंदवायचं. इथे बहुतेक जण घसरतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून ओळी पवित्र व्हायला लागतात. ताईंनी प्रामाणिकपणे लिहिलं. २१ नोंदींत हप्ता ९ वेळा, भावाचं घर ७ वेळा, मुलगी ३ वेळा, बाकी किरकोळ.

म्हणजे मन ‘जगात’ विखुरलेलं नव्हतं, दोन ठिकाणी रुतलेलं होतं, आणि ती दोन ठिकाणं वेगळ्या जातीची होती. हप्ता ही जबाबदारी आहे. तिला वेळ आणि वही लागते. भावाचं घर ही तुलना आहे. ती कितीही वेळ दिला तरी फिटत नाही. दोन्हींना ‘ऐहिक’ म्हणून एकाच पोत्यात भरलं की जबाबदारीबद्दल उगाच अपराधी वाटतं आणि तुलनेकडे दुर्लक्ष होतं.

हप्त्यासाठी आठवड्यातून एक दिवस, ४५ मिनिटं, नवऱ्यासोबत बसणं ठरलं. आधी एका वाक्याची प्रार्थना, मग जमा, खर्च, पुढची तारीख, शेवटी पुन्हा एक वाक्य. एरवी हप्ता आठवला की ‘शनिवारी’ एवढंच स्वतःला सांगायचं. कलस्सै ३ मध्ये वरील गोष्टींकडे मन लावा असं सांगणारा पौल त्याच अध्यायात नवरा, बायको, मुलं आणि रोजच्या कामापर्यंत येतो, तेव्हा हिशोबाची ही बैठक भक्तीबाहेरची मानण्याचं कारण नाही.

भावाच्या घराला वेळ लागला. विचारत गेलो: ते घर तुम्हाला मिळालं तर काय होईल? मोठ्या खोल्या. मग? लोक येतील. मग? तिसऱ्या-चौथ्या ‘मग’ला त्या रडल्या. “घर नकोच आहे मला. बाबांनी एकदा म्हणावं, तूसुद्धा नीट केलंस.”

बहुतेक वेळा असंच निघतं. दिसणाऱ्या वस्तूच्या मागे माणूस न दिसणारंच शोधत असतो: शाबासकी, आधार, कुणीतरी पाहिल्याची खात्री. म्हणून त्यांना चिंतेवर उपाय म्हणून सगळे देतात तो मत्तय ६ चा शेवट (पाखरांना, रानफुलांना देव सांभाळतो, चिंता करू नका) न देता सुरुवात दिली. पाखरं आणि रानफुलं येण्याआधी दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींबद्दल बोलताना येशू गुप्तदर्शी पित्याची आठवण देतो (६:४, ६, १८). कुणी पाहत नसताना पाहणारा पिता. ताईंसाठी नेम धरायची खूण ही होती.

प्रार्थना दीड तासावरून दहा मिनिटांवर आणली. त्यांना ते पाप वाटलं; तरी महिनाभर करून बघायला राजी झाल्या. दोन मिनिटं शांत बसायचं. चार मिनिटं एकच लहान उतारा, दोनदा, मोठ्याने आणि सावकाश. तीन मिनिटं त्या उताऱ्यातल्याच शब्दांत देवाशी बोलायचं. शेवटच्या मिनिटात एक ओळ लिहायची. शेजारी कोरा कागद. मधेच हप्ता आला तर ‘हप्ता’ एवढं लिहायचं, ‘पित्या, हे तुला ठाऊक आहे’ म्हणायचं आणि उताऱ्याकडे परतायचं. दहा मिनिटांत आठ वेळा परतावं लागलं तरी ती आठ वेळा देवाकडे वळलेली नजर आहे. मन भटकलं म्हणून उठून जाणं तेवढं टाळायचं.

रात्री पाच मिनिटं, ख्रिस्ती संत इग्नाती लोयोलाने शिकवलेल्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या: उपकारस्मरण, प्रकाश मागणं, दिवसाकडे मागे वळून पाहणं, क्षमा मागणं, उद्याचा निश्चय. पहिली पायरी गाळली की उरलेल्या चार स्वतःला झोडपण्यात जातात, म्हणून तिला निम्मा वेळ द्यायला सांगितला.

तिसऱ्या आठवड्यापासून एक कृती जोडली: अंदाजपत्रकात बसेल एवढंच, हप्ता बाजूला काढून, कुणालाही न सांगता कुणा गरजूला द्यायचं. नवऱ्याला रक्कम ठाऊक, बाकी कुणाला नाही. शाबासकीची भूक असलेल्याला हे सगळ्यात जड जातं. त्यांनी दोनदा दिलं आणि दुसऱ्यांदा बहिणीला सांगून टाकलं. वहीत तेही लिहिलं.

पाचव्या आठवड्यात भावाकडे जेवायला जाऊन आल्या आणि सगळं ढासळलं; तीन दिवस प्रार्थना नाही. तेव्हा स्तोत्र ७३ वाचलं. दुसऱ्यांची भरभराट पाहून स्तोत्रकर्त्या आसाफाचे पाय घसरायला आले होते, हे तो देवापुढेच बोलून दाखवतो. १७ व्या ओवीत तो देवाच्या पवित्रस्थानात जातो, तोवर त्याला काहीच उलगडत नाही. ताईंनी चौथ्या दिवशी दहा मिनिटांत भावाचं नाव घेऊन हेवा कबूल केला, आणि मग त्याच्या घरासाठी आभार मानायचा प्रयत्न केला. आभार अर्धवट राहिले.

आठव्या आठवड्यात पुन्हा २१ नोंदी घेतल्या. हप्ता ७ वेळा होता. त्यातल्या पाचांपुढे ‘शनिवारी’ लिहिलेलं होतं. भावाचं घर ३ वेळा. चार ठिकाणी नुसतं ‘पित्याने पाहिलं’ एवढंच. वही मिटताना त्या म्हणाल्या, “बाबा अजून काही बोललेले नाहीत.” पुढच्या भेटीत त्यांना त्याबद्दलच बोलायचं आहे.