विमानावरचे कापड किती वर्षे टिकते?

प्रश्न : पूर्वी फ्लाइंग क्लबांमध्ये असलेल्या ‘पुष्पक’ विमानांच्या पंखांवर पत्र्याऐवजी कापड असे, असे आजोबा सांगत. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत गोठ्यावरची ताडपत्रीसुद्धा विरते, मग हे कापड किती वर्षे टिकत असेल? ते आपल्या कापसाचेच असते का?
— एक वाचक, धुळे

उत्तर : हिंदुस्थान एरोनॉटिक्सचे ‘पुष्पक’ 1958 साली प्रथम उडाले आणि आपल्या आजोबांचे म्हणणे बरोबर आहे. त्या काळापर्यंतच्या हलक्या विमानांवर सुती किंवा लिननचे कापड ताणून बसवीत आणि त्यावर डोप नावाच्या द्रवाचे हात देत. डोप वाळताना आकसतो, त्यामुळे कापड तबल्याच्या पुडीसारखे ताठ होते. पुढे पॉलिएस्टर आले. ते इस्त्रीच्या मोजक्या उष्णतेने आवळले जाते, आणि आज जुन्या विमानांची डागडुजी करताना बहुधा तेच वापरतात.

कापडाचे वय केवळ वर्षांत मोजता येत नाही, कारण त्याचा खरा शत्रू ऊन, त्यातही अतिनील किरणे आहेत. म्हणूनच डोपच्या काही थरांत ॲल्युमिनियमची पूड मिसळतात, जेणेकरून किरण धाग्यापर्यंत पोहोचू नयेत. पंखाच्या आत दिवा धरला असता बाहेरून उजेड झिरपताना दिसला, तर हा चंदेरी थर अपुरा आहे असे समजावे. उघड्यावर उभ्या असलेल्या विमानाचे सुती कापड काही वर्षांतच बदलावे लागते, तर हँगरमध्ये नीट ठेवलेल्या विमानाचे पॉलिएस्टर वीस-तीस वर्षेही चालते. खानदेशातला उन्हाळा पाहता येथे उघड्यावर विमान ठेवणे म्हणजे कापडाचे आयुष्य जाणूनबुजून कमी करणे होय. पावसाळ्यातली ओल सुती कापडाला बुरशी लावते, हा त्यातला वेगळा धोका.

कापड ठेवायचे की उतरवायचे, हे डोळ्यांनी नव्हे तर ताकदीच्या चाचणीने ठरते. उच्च प्रतीच्या नव्या सुती कापडाच्या एक इंच रुंद पट्टीने 80 पौंड, म्हणजे सुमारे 36 किलो, ताण सोसला पाहिजे. त्याच्या सत्तर टक्क्यांखाली, म्हणजे 56 पौंडांखाली ताकद गेली, तर कापड निकामी ठरते. कमी वेगाच्या आणि पंखांवर कमी भार असणाऱ्या विमानांसाठी ही मर्यादा थोडी सैल आहे. तपासणीसाठी पंखाच्या वरच्या बाजूचा, आणि तिथेही गडद रंगाचा भाग निवडतात, कारण तोच सर्वाधिक तापलेला असतो.

एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. तडकलेल्या डोपवर नवा द्रव फिरवून पृष्ठभाग पुन्हा गुळगुळीत करता येतो, म्हणून कापडही पुन्हा मजबूत झाले असे वाटते. परंतु त्याने डोप मऊ होतो, कापडाची गेलेली ताकद परत येत नाही, तेव्हा विमान विकत घेणाऱ्याने चकचकीत रंगावर भाळू नये.

आपल्या कापसाविषयी म्हणाल, तर विमानासाठी लागणारे कापड धाग्यांची दाटी आणि ताकद यांच्या ठरावीक मानकानुसार विणलेले व प्रमाणित असावे लागते, त्यामुळे बाजारातली मांजरपाट तेथे चालत नाही.

पॉलिएस्टर दीर्घकाळ टिकते, ही माझ्या मते मालकाची सोय आहे तशी अडचणही आहे. सुती कापड वारंवार बदलावे लागे, त्या निमित्ताने आतला सांगाडा उघडा पडे आणि गंजलेली पोलादी नळी, कुजलेली लाकडी फासळी किंवा उंदरांचे घरटे वेळीच नजरेस येई. आता वीस वर्षे तसे काही उघडतच नाही, म्हणून तपासणीच्या झडपा उघडून आत आरसा व बॅटरी घालून पाहण्याचे काम दरवर्षी नेमाने करावे लागते.