ट्वीड ॲम्पचा गेन वाढवताना

प्रश्न : किट मागवून ५ई३ सर्किटचा ॲम्प बांधला. क्लीन आवाज सुंदर आहे, पण सिंगल कॉइल गिटारवर व्हॉल्यूम पूर्ण १२ वर नेला तरी लीडसाठी स्वर टिकत नाही. सुरुवात कुठून करावी?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : व्हॉल्व्ह बदलण्यापासून, कारण त्याला सोल्डरिंग लागत नाही. ५ई३ हे फेंडर डिलक्स या ट्वीड (तसल्या कापडाने मढवलेल्या) ॲम्पचे १९५५ ते १९६० या काळातले सर्किट. त्यात पहिल्या जागेवर १२एवाय७ असतो. त्याच्या जागी १२एएक्स७ घाला. पहिल्याचा म्यू, म्हणजे सिग्नल वाढवण्याची क्षमता, ४४ आणि १२एएक्स७ चा १००. पिना सारख्याच, हीटरचा (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेचा) करंटही सारखाच. प्लेटवरच्या (व्हॉल्व्हच्या आउटपुट टोकावरच्या) १०० किलोओहमच्या लोडवर पहिल्या स्टेजचा गेन साधारण ३५ वरून ६० वर जातो. या व्हॉल्व्हच्या आत दोन ट्रायोड, म्हणजे दोन स्वतंत्र भाग असतात. दोघांच्या कॅथोडचा (इलेक्ट्रॉन सोडणाऱ्या टोकाचा) सामायिक ८२० ओहमचा रेझिस्टर १२एएक्स७ लाही चालतो, त्याला हात लावू नका. दोन-तीन दिवस असेच वाजवून बघा. बऱ्याच जणांचे एवढ्यावरच भागते.

पुढची पायरी दुसऱ्या व्हॉल्व्हची. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागाच्या कॅथोडला १.५ किलोओहमचा रेझिस्टर आहे आणि मूळ सर्किटमध्ये त्यावर बायपास कपॅसिटर (रेझिस्टरला समांतर जोडलेला) नाही. बायपास नसताना या स्टेजचा गेन ३२ च्या आसपास असतो, बायपास दिला की ६० च्या घरात जातो. म्हणजे जवळजवळ दुप्पट, आणि तोही एका स्वस्त पार्टमध्ये. मात्र बोर्डवर १.५ किलोओहमचे दोन रेझिस्टर आहेत. जो थेट ग्राउंडला जातो तो आपला. ज्याच्या पुढे ५६ किलोओहम आहे तो फेज इन्व्हर्टरचा, म्हणजे सिग्नलच्या दोन उलट प्रती करून आउटपुट व्हॉल्व्हना देणाऱ्या स्टेजचा. त्याला कपॅसिटर लावू नका.

किती मायक्रोफॅरड, हा खरा निवडीचा भाग. २५ मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट लावला तर सगळा बास वर येतो, आणि या ॲम्पमध्ये बास आधीच भरपूर आहे. ०.६८ लावला तर वाढ साधारण १५० हर्ट्झपासून सुरू होते. गिटारची जाड ई तार ८२ हर्ट्झवर वाजते, तेव्हा ती फुगत नाही आणि वरचा भाग धारदार होतो. सिंगल कॉइलला ४.७ ठेवा, हंबकरला (दोन कॉइलच्या पिकअपला) ०.६८. इलेक्ट्रोलिटिक असेल तर अधिक टोक कॅथोडकडे.

आता गेन वाढला की खालच्या स्वरांवर आवाज फाटतो आणि क्षणभर दबून परत येतो. बहुतेक जण स्पीकरवर संशय घेतात, पण त्याला कारण बहुतेक वेळा कपलिंग कपॅसिटर, म्हणजे एका स्टेजचा सिग्नल पुढच्या स्टेजला देणारा कपॅसिटर, असते. जोरात वाजवल्यावर ६व्ही६ या आउटपुट व्हॉल्व्हचा ग्रिड (सिग्नल आत घेणारे टोक) करंट घेतो, ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर चार्ज होतो आणि २२० किलोओहममधून रिकामा व्हायला त्याला वेळ लागतो. तेवढा वेळ व्हॉल्व्ह बंदच. ०.१ बरोबर हा टाइम कॉन्स्टंट २२ मिलिसेकंद, ०.०२२ बरोबर सुमारे ५. म्हणून ६व्ही६ कडे जाणारे दोन्ही कपॅसिटर ०.०२२, ६३० व्होल्टचे घाला. कटऑफ तरीही ३३ हर्ट्झच राहतो, त्यामुळे बास कमी झाल्यासारखा वाटत नाही. त्याच वेळी फेज इन्व्हर्टरच्या ग्रिडला ४७० किलोओहमचा रेझिस्टर, अगदी सॉकेटच्या पिनेवर, सिरीजमध्ये द्या. ओव्हरड्राइव्हमध्ये येणारी माशीसारखी भणभण यानेच जाते. आमच्या मते साऱ्या बदलांत हा सर्वांत कमी दखल घेतला गेलेला आणि सर्वांत कामाचा.

झाकण उघडण्याआधी : आत साधारण ३५० व्होल्ट डीसी आहे आणि प्लग काढल्यावरही तो फिल्टर कपॅसिटरमध्ये राहू शकतो. १० किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायर आणि क्लिपसह पहिल्या फिल्टर कपॅसिटरवर १० सेकंद धरा, मग मीटरने खात्री करा. स्क्रूड्रायव्हरने शॉर्ट करू नका. स्पीकर न जोडता ॲम्प चालू करू नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

प्रश्न : हे बदल केले. आता व्हॉल्यूम ८ च्या पुढे नेला की शिट्टी येते आणि गिटार न जोडताही घुंई ऐकू येते.
– एक वाचक, मानेवाडा

उत्तर : दोन वेगळे दोष आहेत. शिट्टीसाठी लाकडी काडीने, एक हात खिशात ठेवून, वायरी हळूच हलवून बघा. जी हलवल्यावर शिट्टीचा सूर बदलतो ती गुन्हेगार. बहुधा आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्लेट वायर इनपुटच्या ग्रिड वायरीजवळून गेलेली असते. ती चॅसिसला चिकटवून दूर न्या. इनपुट जॅकपासून पहिल्या ग्रिडपर्यंत शिल्डेड वायर घाला आणि शिल्ड एकाच टोकाला ग्राउंड करा. ६८ किलोओहमचे इनपुट रेझिस्टर जॅकवरून काढून सॉकेटच्या पिनेवर आणले तर आणखी फरक पडतो. शिट्टीऐवजी फटफटीसारखा ठोका येत असेल तर फिल्टर कपॅसिटर बघा. दुसरा आणि तिसरा २२ मायक्रोफॅरडचा घालायला हरकत नाही, पण पहिला २२ च्या पुढे नेऊ नका. ५वाय३ या रेक्टिफायरला (एसीचा डीसी करणाऱ्या व्हॉल्व्हला) मोठ्या कपॅसिटरचा सुरुवातीचा झटका सोसत नाही.

घुंई नवी नाही. ती आधीही होती, आता तीही मोठी झाली. हीटरच्या दोन वायरी घट्ट पिळून चॅसिसच्या कोपऱ्यातून न्या. ६.३ व्होल्ट वाइंडिंगला सेंटर टॅप असेल तर तो ग्राउंडवरून काढून ६व्ही६ च्या कॅथोडला जोडा. तिथे २० व्होल्टच्या आसपास असतात, आणि हीटर तेवढा वर उचलला की पहिल्या व्हॉल्व्हमध्ये गळणारा हम बराच कमी होतो. टॅप नसेल तर १००-१०० ओहमचे दोन रेझिस्टर लावून तो तयार करा. एवढे करूनही गिटार जोडल्यावरच हम वाढत असेल तर घराचे अर्थिंग तपासा. नागपूरची काळी माती मे महिन्यात भेगा पडेपर्यंत सुकते आणि जुन्या अर्थिंगचा रेझिस्टन्स तेव्हा वाढतो. खड्ड्यात पाणी घालत राहणे हा जुना उपाय आजही बरोबर आहे. तिसरी पिन काढून हम घालवणे मात्र जिवावर बेतू शकते.

प्रश्न : जुन्या रेडिओतले ईएल८४ मिळाले आहेत. ६व्ही६ च्या जागी चालतील?
– एक वाचक, महाल

उत्तर : नाही. ईएल८४ नऊ पिनांचा, ६व्ही६ आठ पिनांच्या ऑक्टल सॉकेटचा. हीटरला ०.४५ ऐवजी ०.७६ अँपिअर लागतो, बायसही (ग्रिडवरचे ठरलेले उणे व्होल्टेज) वेगळा. ईएल८४ जपून ठेवा आणि त्याभोवती वेगळा ॲम्प बांधा.

प्रश्न : एका चॅनलमधून दुसऱ्यात नेऊन तिसरी गेन स्टेज करता येईल का? दुसरा चॅनल मी वापरतच नाही.
– एक वाचक, हिंगणा रस्ता

उत्तर : येईल, पण आधी हिशेब बघा. गिटारचे १०० मिलिव्होल्ट ६० ने गुणले की पहिल्या प्लेटवर ६ व्होल्ट. पुढच्या ट्रायोडचा बायस दीड व्होल्टच्या आसपास. म्हणजे थेट जोडले तर तो सतत भरडलेलाच राहणार. म्हणून ०.०२२ चा कपॅसिटर, मग ४७० किलोओहम सिरीजमध्ये, मग १ मेगओहमचे पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), आणि मधल्या टोकावरून ग्रिडला. ५ई३ मध्ये व्हॉल्यूम पॉट उलटे जोडलेले असतात, कपॅसिटर मधल्या टोकाला येतो. इथे दोन्ही पॉट सरळ करून घ्या. ८२० ओहम काढून प्रत्येक ट्रायोडला स्वतंत्र १.५ किलोओहम द्या, पहिल्याला ०.६८ चा बायपास, दुसऱ्याला बायपास नाही. जुने दुसरे व्हॉल्यूम आपोआप मास्टरचे काम करते. दोन स्टेजनंतरचा सिग्नल इनपुटच्याच फेजमध्ये असतो, म्हणून ती वायर इनपुटजवळ आली की ॲम्प बोंबलणारच. एवढे सगळे करून मूळ ॲम्पचा गिटारच्या व्हॉल्यूमने साफ होणारा स्वभाव हरवतो. ज्यांना तो आवडतो त्यांनी इथवर येऊ नये.

प्रश्न : ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा आहे, स्टेपडाउनवर चालवतो. उन्हाळ्यात खूप तापतो.
– एक वाचक, सीताबर्डी

उत्तर : लेबलवर फक्त ६० हर्ट्झ लिहिले असेल तर तेच कारण. आपल्या ५० हर्ट्झवर त्याच व्होल्टेजला कोरमधला फ्लक्स पाचव्या हिश्शाने वाढतो. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर घालणे हाच उपाय. घातल्यावर हीटरचे व्होल्टेज रात्री उशिरा, लाइन चढलेली असताना मोजा. २५० व्होल्टला ६.३ चे ६.८५ होतात, आणि ६.९ ही वरची मर्यादा. मग ६व्ही६ च्या २५० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवरचे व्होल्टेज बघा : २० असेल तर दोघांत मिळून ८० मिलिअँपिअर, प्लेट-कॅथोड ३३० धरले आणि स्क्रीनचा थोडा करंट वजा केला तर एका व्हॉल्व्हवर १२.५ वॉटच्या आसपास. ६व्ही६ची मर्यादा १४ वॉट. त्याहून वर गेले तर २५० ऐवजी २७० किंवा ३०० ओहम, ५ वॉट घाला. फिल्टर कपॅसिटर १०५ अंशांचेच घ्या. चॅसिस वर आणि व्हॉल्व्ह खाली लटकलेले असल्याने सगळी उष्णता या कपॅसिटरवरच जाते.

आणि ॲम्प कूलरच्या वाऱ्यात ठेवू नका. जुन्या पद्धतीचा काळा फायबर बोर्ड ओलावा शोषतो आणि हाय व्होल्टेज पृष्ठभागावरून गळू लागते. चरचर सुरू झाली की, झाकण उघडे आणि ॲम्प चालू असताना, मीटरची काळी तार चॅसिसला क्लिपने लावून लाल टोक पार्ट नसलेल्या मोकळ्या बोर्डवर टेकवा. काही व्होल्टही दिसले तर तो बोर्ड बदलून ग्लास इपॉक्सीचा घाला.