एक वायरच्या जागी चार वायरचा ऑक्सिजन सेन्सर

प्रश्न : माझ्या जुन्या पेट्रोल गाडीला एक वायरचा ऑक्सिजन सेन्सर आहे. गाडी शहरातच फिरते. ॲव्हरेज पडलंय, सिग्नलला थांबलं की पेट्रोलचा वास येतो. हीटरवाला चार वायरचा सेन्सर बसवता येईल का?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : येईल, आणि तुमच्या वापरात फायदाही होईल. हा सेन्सर धुरात किती ऑक्सिजन उरला ते ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो. झिर्कोनियाचा (एका सिरॅमिकचा) सेन्सर साधारण ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापल्याशिवाय नीट सिग्नल देत नाही. राजारामपुरीतून महाद्वार रोडला जाऊन थांबणाऱ्या गाडीत बिनहीटरचा सेन्सर कसाबसा तापतो आणि आयडलिंगला परत गार पडतो. तोवर ईसीएम अंदाजानेच पेट्रोल सोडतो.

पण आधी जुना सेन्सर तपासा. इंजिन पूर्ण गरम करून २००० आरपीएमला सिग्नलच्या वायरवर डिजिटल मल्टिमीटर लावा. आकडा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सतत वर-खाली व्हायला हवा. ०.१ जवळच अडकला असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनमधून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) गॅस्केट बघा. तिथून बाहेरची हवा ओढली गेली की सेन्सर पेट्रोल कमी पडल्याचं सांगतो आणि ईसीएम उगाच जास्त पेट्रोल देतो. अशा वेळी नवा सेन्सरही तेच करणार.

नवा घेताना नॅरोबँड (वरच्यासारखाच ०.१ ते ०.९ व्होल्ट देणारा) झिर्कोनियाच घ्या. आटे बहुधा १८ मिमी, १.५ पिचचे (दोन आट्यांतलं अंतर १.५ मिमी) असतात, तरी जुन्याशी जुळवून बघा. वाइडबँड किंवा टायटेनियाचा सेन्सर वेगळ्या प्रकारचा सिग्नल देतो, तो या ईसीएमला चालत नाही. बॉश पद्धतीत काळी वायर सिग्नलची, करडी तिच्या अर्थची, दोन पांढऱ्या हीटरच्या. करडी इंजिन ब्लॉकला जोडा. एक पांढरी चॅसीला, दुसरी १० अँपिअरच्या फ्यूजमधून रिलेला (विजेवर चालणाऱ्या स्विचला). रिले चावी ऑन केल्यावरच चालू झाला पाहिजे. थेट बॅटरीवरून सप्लाय घेतला तर रात्रभरात बॅटरी उतरते. ईसीएमच्या फ्यूजवरून मात्र सप्लाय काढू नका.

जुना सेन्सर सायलेन्सर कोमट असताना २२ च्या पान्याने सोडवा. गार असताना जोर केला तर आटे जातात. अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) फक्त आट्यांना, टोकाला अजिबात नको. वायरचे जोड डाग देऊन (सोल्डर करून) करू नका, क्रिंप करून (धातूची स्लीव्ह दाबून) वर हीट-श्रिंक नळी चढवा. बऱ्याच सेन्सरना धुराशी तुलना करायला लागणारी बाहेरची हवा वायरच्या तारांमधूनच मिळते. डाग किंवा ग्रीस भरलं की ती वाट बुजते. गगनबावड्याकडे पावसात जाणं असेल तर जोड खाली लोंबकळू न देता वर बांधा.

इंजिनला साधं सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, सेन्सरला चालणारंच मागा. साध्याच्या वाफेने नवा सेन्सरही मरतो.