डिझेलचा तुटवडा झाला की मासेमारी लगेच का थांबते? बोटवाले आधीच साठा करून ठेवत नाहीत का?

आधी साठा म्हणजे किती, ते बघा. आमची सहा सिलिंडरची ट्रॉलर रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला लागते. जाळं ओढताना इंजिन तासाला पंधरा-वीस लिटर पितं आणि आठ दिवसांच्या फेरीत ते फारसं बंद होत नाही. दोन हजार लिटर धरूनच निघायचं. बिनपरवाना अडीच हजार लिटरपेक्षा जास्त डिझेल एका जागी ठेवायला कायद्याने मनाई आहे. म्हणजे नियमात राहून साठवलं तरी जेमतेम एक फेरी. त्यात अडकवायला दोन लाख रुपये पडून कोणाकडे असतात? बर्फ आणि रेशनसुद्धा बहुतेक जण उधारीवर उचलतात.

बाकी ‘तुटवडा’ हा शब्दच जरा फसवा आहे. मार्च २०२२ मध्ये आमची बोट जेटीवर अडकली, तेव्हा शहरातल्या पंपांवर डिझेल मिळत होतं. झालं असं, की नोव्हेंबर २०२१ पासून पंपावरचे दर जागचे हलले नव्हते. युक्रेनच्या युद्धामुळे कच्चं तेल भडकलं, तेव्हा कंपन्यांनी घाऊक ग्राहकांचा दर लिटरमागे पंचवीस रुपयांनी वाढवला. मुंबईत घाऊक १२२.०५ रुपये आणि पंपावर ९४.१४! जास्त घेणाऱ्याला महाग, असा बाजार मी तरी पहिल्यांदाच बघितला. आणि बंदरावरचे मच्छीमार सोसायट्यांचे पंप नेमके या घाऊक ग्राहकांत मोडत होते. फेरीमागे पंचावन्न हजारांचा फटका. आमच्या सोसायटीने टँकर मागवणंच थांबवलं.

मग साध्या पंपावरून घ्या की, असं तेव्हा सगळे सांगत होते. ट्रक पंपावर नेता येतो, बोट कशी नेणार? दोन हजार लिटर म्हणजे चाळीस लिटरचे पन्नास कॅन. त्यात टेम्पोचं भाडं, हमाली, आणि कॅन बघितले की पंपवाल्याच्या कपाळावर आठ्या. शिवाय डिझेलवरच्या कराचा परतावा सोसायटीमार्फत घेतलेल्या डिझेलवर मिळतो. तो वेळेवर मिळत नाही ही रड वेगळी, पण बाहेरून घेतलं की तीही आशा संपली.

त्या दिवशी बोटीत बर्फ भरून झाला होता. बाबांनी टाकीत मापाची काठी घातली, वर काढली आणि ओल कुठवर आली ते अंगठ्याने धरून तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्या म्होरक्याला, दाखवलं. अर्ध्याच्याही खाली. तांडेल म्हणाला, जवळच दोन दिवस मारून येऊ. बाबा नाही म्हणाले. जवळच्या पाण्यात आमच्या जाळ्याला जे लागतं, त्यातून डिझेलसुद्धा सुटलं नसतं. जाता-येता रेस कमी ठेवून थोडं वाचवता येतं, पण जाळं ओढताना ती चैन नाही. तिसऱ्या दिवशी खणात बर्फाचं नुसतं पाणी होतं. नेपाळी खलाशी जेटीवर पत्ते खेळत होते. त्यांचं जेवण आणि पगार थोडाच थांबतो? बोट बंद ठेवण्यात बचत होते असं लोकांना वाटतं, तसं नाही.

खरोखरचा दुष्काळ त्याच वर्षी श्रीलंकेत होता. डॉलर संपले, सपुगस्कंदची रिफायनरी कच्च्या तेलावाचून बंद पडली आणि रॉकेलवर चालणाऱ्या लहान होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवाव्या लागल्या. ऑगस्टमध्ये रॉकेलचा दर लिटरमागे ८७ वरून थेट ३४० श्रीलंकन रुपये केला. त्यांच्यापुढे आमची अडचण म्हणजे काहीच नव्हे.

कोणी विचारेल, की मासे महाग विकून भरून काढा. जेटीवर लिलाव होतो, त्यात भाव व्यापारी बोलतो. तिथे डिझेलचं बिल दाखवून चार रुपये वाढवून मागायची सोय नाही. बाजारात तुम्हाला सुरमई महाग मिळाली, तर ते वरचे पैसे मालकाच्या हातात आलेच असतील असं समजू नका.

पूर्वी बाबा फेरीची तयारी करताना पहिला फोन बर्फवाल्याला करायचे. हल्ली आधी सोसायटीत करतात, टँकर येऊन गेला का ते विचारतात, आणि मगच बर्फ सांगतात.